आधी वाट ठरवा, मग लक्षणं शिकवा: शाळेत आत्महत्या-प्रतिबंधाचं प्रशिक्षण कसं उभं करायचं

ही जबाबदारी सहसा अशी येते. मुख्याध्यापक एक कागद पुढे सरकवतात आणि म्हणतात, "मॅडम, बी.एड.ला तुमचा मानसशास्त्र होता ना, मग तुम्हीच बघा हे." बी.एड.ला मानसशास्त्र सगळ्यांनाच असतं, पण ते असो. हा लेख त्या मॅडमसाठी किंवा सरांसाठी आहे. शाळेत पूर्णवेळ समुपदेशक नाही, निधी नाही, मोकळा वेळ म्हणजे शनिवारची अर्धी शाळा सुटल्यानंतरचे दोन-तीन तास, आणि त्यात शिक्षक-शिक्षकेतर सगळ्यांना किशोरवयीन मुलांमधला आत्महत्येचा धोका ओळखायला शिकवायचं आहे, असं मी गृहीत धरलं आहे.

कागद का आला, ते आधी. विशाखापट्टणममध्ये वसतिगृहात राहून 'नीट'ची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. या सूचना क्लासेस आणि वसतिगृहांइतक्याच साध्या शाळांनाही लागू आहेत. त्यांतली एक सूचना थेट तुमच्या कामाची आहे: सर्व शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण, तेही मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या पात्र व्यक्तीकडून. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. त्याहून लहान शाळेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडून घ्यायचं. संस्थाचालक "हे कशाला हवंय?" म्हणाले तर हे सांगा. तरीही मान हलवली नाही, तर राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे २०२२ चे आकडे समोर ठेवा: देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या, आणि त्यांत सर्वाधिक १,७६४ महाराष्ट्रात.

पहिली पायरी: मूल कुठे जाणार ते आधी ठरवा

बहुतेक प्रशिक्षणं लक्षणांपासून सुरू होतात. एक स्लाइड, त्यावर पंधरा लक्षणं, मग चहा. सोमवारी एखाद्या शिक्षिकेला त्यांतली तीन लक्षणं एका मुलीत दिसतात आणि तिला कळत नाही की आता कुणाकडे जायचं. मग ती गप्प बसते. मला वाटतं, अशी गप्प बसलेली शिक्षिका ही प्रशिक्षणाची चूक असते, तिची नव्हे. म्हणून सत्राची तारीख ठरवण्याआधी एक कागद तयार करा. एकच पान. त्यावर पुढच्या गोष्टी हव्यात.

शाळेत आधी कुणाला सांगायचं? दोन नावं लिहा, एक स्त्री आणि एक पुरुष, म्हणजे एक जण रजेवर असला तरी अडत नाही. मुख्याध्यापक हे त्यांतलं एक नाव असलंच पाहिजे असं नाही. मुलं ज्यांच्याकडे आपणहून जातात, अशी माणसं निवडा. अनेक शाळांत ती खेळाचे सर किंवा ग्रंथालयातल्या मॅडम असतात.

मुलाला बसवायचं कुठे? बंद होणारं दार असलेली, पण आत काय चाललंय ते काचेतून दिसेल अशी खोली. स्टाफरूम नको, आणि मुख्याध्यापकांचं कार्यालय तर नकोच. तिथे बसलेलं मूल म्हणजे शिक्षा झालेलं मूल, असंच येणारा-जाणारा समजतो.

शाळेबाहेर कुणाकडे? जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात स्वतः जाऊन या. बाह्यरुग्ण विभागाचे वार आणि वेळा लिहून घ्या, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या माणसाचा नंबर घ्या. ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी 'मैत्री' क्लिनिक चालू असेल तर तिथल्या समुपदेशकाला भेटा. तालुक्यात खासगी मानसोपचारतज्ज्ञ असतील तर एकदा त्यांच्याशीही बोला. शाळेचा निरोप आला की त्याच दिवशी बघायला बरेच जण तयार होतात, फक्त आधी कुणी विचारलेलं नसतं.

आणि नंबर. टेलिमानस १४४१६: मानसिक आरोग्यासाठी केंद्र सरकारची मोफत फोनसेवा, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. हा नंबर मुलांइतकाच शिक्षकांसाठीही आहे, "माझ्या वर्गातली मुलगी असं म्हणतेय, मी काय करू?" असं विचारायलाही तिथे फोन करता येतो. मुलाला घरातच धोका असेल तर चाइल्डलाइन १०९८. तातडीला १०८ ची रुग्णवाहिका, नाहीतर ११२. वर्गांत, वसतिगृहात आणि संकेतस्थळावर हे नंबर ठळक अक्षरांत लावणं न्यायालयाच्या त्याच सूचनांमध्ये आहे. माझी एक पुस्ती: स्वच्छतागृहाच्या दाराला आतल्या बाजूनेही लावा. नोटीस बोर्डासमोर उभं राहून असा नंबर टिपून घेणारं मूल मी पाहिलेलं नाही.

दुसरी पायरी: सगळ्यांना बसवा

सगळ्यांना म्हणजे क्लार्क, प्रयोगशाळा परिचर, शिपाई मामा, सफाईच्या मावशी, पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, स्कूल व्हॅनचे काका, वसतिगृह असेल तर अधीक्षक आणि पहारेकरीसुद्धा. शिपाई मामांना चहा फिरवायला उभं करू नका; त्या दिवशी चहा दुसऱ्या कुणाला आणू द्या आणि त्यांना खुर्ची द्या. मधल्या सुट्टीत कोण एकटं फिरतं, कुणाचा डबा भरलेलाच परत जातो, कुठली मुलगी स्वच्छतागृहात रडत होती, हे गणिताच्या शिक्षकाआधी मावशींना माहीत असतं. फीचं चलन चुकलेल्या मुलाचा चेहरा क्लार्क बघतो.

निवासी आश्रमशाळा असेल तर रात्रपाळीच्या माणसांसाठी वेगळं सत्र घ्या, त्यांच्या वेळेला. तिथे संध्याकाळनंतर शिक्षक नसतात, मुलं मात्र असतात.

तिसरी पायरी: सत्र सुरू करताना

तज्ज्ञ बोलतील, पण सुरुवात तुम्ही करा. पहिलं वाक्य हे असू द्या की या खोलीत कुणाच्या घरात, शेजारात, ओळखीत असं घडलं असेल. ऐकताना जड गेलं तर न विचारता बाहेर जायला हरकत नाही. मग दाराजवळ एक सहकारी बसवा, जो बाहेर गेलेल्यामागे जाईल. विदर्भ-मराठवाड्यातल्या शाळेत हे फक्त शिष्टाचार म्हणून सांगत नाही मी. तिथल्या स्टाफमध्ये शेतकरी आत्महत्या झालेल्या घरातलं कुणी ना कुणी निघतंच.

त्यानंतर दोन समजुती आधीच बाजूला काढून ठेवा, नाहीतर पुढचं काहीच आत जात नाही.

पहिली: "विचारलं तर उलट डोक्यात भरवल्यासारखं होईल." तसं होत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत २,३४२ विद्यार्थ्यांवर हे तपासलं गेलं आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं, त्यांचा ताण न विचारलेल्यांपेक्षा वाढला नाही. आधीच खचलेल्या मुलांना तर विचारल्याने थोडं बरंच वाटलेलं दिसलं.

दुसरी: "पोलिसांचं झंझट लागेल." मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं आणि तिला त्यासाठी शिक्षा होत नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा मानणारं भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ सुद्धा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसं राहिलेलं नाही. मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर मात्र गोष्ट वेगळी: पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाच गुन्हा. हा फरक स्टाफला स्पष्ट सांगा.

चौथी पायरी: काय बघायचं

इथे यादी वाचून दाखवू नका. एकच गोष्ट बिंबवा: बदल. नेहमी गप्प असणारा मुलगा गप्प असेल तर ती बातमी नाही. नेहमी बडबड करणारी गप्प झाली, वह्या नीट ठेवणारीची वही महिनाभर कोरी राहिली, मैदानावर पडीक असणारा बाकावर डोकं टेकून झोपू लागला, हे बघा. मुलग्यांमध्ये दुःख अनेकदा रागाच्या कपड्यांत येतं. भांडणं, उलट उत्तरं, शाळेची खिडकी फोडणं. अशा मुलाला आपण मुख्याध्यापकांसमोर उभं करतो आणि प्रकरण मिटलं असं समजतो.

काही खुणा मात्र एकट्या दिसल्या तरी त्याच दिवशी बोलायला लावणाऱ्या असतात. "मी नसलो तरी कुणाला काय फरक पडणार", "आता लवकरच सुटेन" असलं बोलणं. निबंधात, वहीच्या मागच्या पानावर, व्हॉट्सॲप स्टेटसला मरणाबद्दल काही. जपलेल्या वस्तू वाटून टाकणं. ऐन उन्हाळ्यात लांब बाह्या आणि त्यांखाली मनगटावर ओरखडे. बरेच दिवस खचलेलं मूल एकाएकी कारणाशिवाय शांत, हलकं दिसू लागणं. आपल्याला वाटतं सुधारलं, पण त्याने मनाशी काही ठरवलेलंही असू शकतं. आणि आधी कधी प्रयत्न केला असेल तर ती सगळ्यांत मोठी खूण. त्या मुलाबद्दल "आता झालं ते झालं" असं म्हणू नये.

कारणांबद्दल एक सूचना. दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात वर्तमानपत्रं वाचून आपल्या डोक्यात बसलंय की मुलं परीक्षेमुळेच जीव देतात. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालांत कौटुंबिक समस्या वर असतात. त्यामागे प्रेमप्रकरणं आणि आजार. पोलिसी नोंदीत एकच कारण लिहिलेलं असतं, खऱ्या आयुष्यात चार एकत्र असतात, हे लक्षात ठेवूनही यातून शाळेला एक गोष्ट कळते: निकालाच्या दिवसाइतकंच इतर दिवसांकडे बघायला हवं. घरी फोन हिसकावून घेतला, मुलीचं लग्न ठरवलं, कुणाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर फिरला, चिठ्ठी सापडली आणि ती सगळ्यांसमोर वाचली गेली, जातीवरून कुणी टोमणा मारला, दारू प्यालेल्या वडिलांनी शाळेच्या फाटकात येऊन तमाशा केला. यांतल्या निम्म्या गोष्टी शाळेच्या आवारात, आपल्या डोळ्यांसमोर घडतात. सर्वांसमोर अपमान करू नका आणि गुणांवरून तुकड्या पाडू नका, असं न्यायालयानेही लिहिलंय. फीची थकबाकी वर्गात नावं वाचून मागणं आजपासून बंद, असा ठराव त्याच सत्रात करून टाका.

पाचवी पायरी: विचारायचं कसं (याला सर्वांत जास्त वेळ द्या)

जगभरात शिक्षकांसाठी जी छोटी प्रशिक्षणं चालतात, त्यांतल्या बहुतेकांचा गाभा तीन गोष्टींचा असतो: थेट विचारा, मदत घ्यायला राजी करा, योग्य माणसाकडे पोचवा. ऐकायला सोपं. पण अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ३२ शाळांत अशा प्रशिक्षणाचा अभ्यास झाला (२००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला), त्यात असं दिसलं की कर्मचाऱ्यांची माहिती वाढली, आत्मविश्वास वाढला, पण मुलांना प्रत्यक्ष विचारण्याचं प्रमाण वाढलं ते मुख्यतः आधीपासूनच मुलांशी बोलणाऱ्यांमध्ये. बाकीच्यांना माहिती मिळाली, तोंड उघडलं नाही. तेव्हा सत्राचा अर्धा वेळ तोंड उघडण्याच्या सरावाला द्या. दोघादोघांच्या जोड्या करा, एक मूल, एक शिक्षक. सुरुवातीला हशा पिकतो. पिकू द्या, पाच मिनिटांत थांबतो.

सरावासाठी मी वापरते तो नमुना असा. दहावीचा मुलगा, मोकळ्या तासाला बाईंनी बाजूला घेतलाय.

"दोन आठवडे बघतेय, डबा तसाच परत नेतोस. आणि एकदम शेवटच्या बाकावर जाऊन बसायला लागलास. काय चाललंय?"

"काही नाही बाई."

"बरं. मला घाई नाही, हा तास मोकळाय माझा."

(इथे थांबायचं. शिक्षकांना हेच जमत नाही. मनात तीस आकडे मोजा.)

"घरी सारखी भांडणं होतात. माझ्यावरूनच. मी नसतो तर बरं झालं असतं."

"नसतो तर म्हणजे? मरून जावं, जीव संपवावा असं येतं का मनात?"

"...कधी कधी."

"सांगितलंस ते फार बरं केलंस. आजही येतंय? कसं, कधी, असं काही ठरवलंयस?"

"बाई, कुणाला सांगू नका ना."

"शाळाभर नाही सांगणार. पण तुला सांभाळायचं तर मला एक-दोन माणसांची मदत लागेल. कुणाची, ते आपण दोघं मिळून ठरवू. आणि आत्ता मी तुला एकट्याला सोडून जाणार नाहीये."

या एवढ्या बोलण्यात बघण्यासारखं बरंच आहे. सुरुवात डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीवरून झाली, "तू हल्ली उदास दिसतोस" असल्या निष्कर्षावरून नाही. प्रश्न सरळ विचारला, "तू काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?" असा नाही. त्या प्रश्नाला "नाही" एवढंच उत्तर येतं, कारण विचारणाऱ्याला तेच ऐकायचंय हे मुलाला कळतं. गुप्ततेचं वचन दिलं नाही, पण अब्रू राखायचं दिलं. "आईबाबांना काय वाटेल याचा विचार केलास का?" हे वाक्य नाही. "एवढ्याशा गोष्टीसाठी?" नाही. "आमच्या वेळी..." तर नाहीच नाही. आणि शपथ घ्यायला लावली नाही. "असं करणार नाही म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेव" याने शिक्षकाचं समाधान होतं, मुलाचा धोका कमी होत नाही.

"जीव संपवावा असं येतं का मनात?" हा प्रश्न प्रत्येकाने मोठ्याने, आपल्या बोलीत, तीनदा म्हणायचा. मालवणीत म्हणा, वऱ्हाडीत म्हणा, आहिराणीत म्हणा. पहिल्यांदा जीभ अडखळते, ती मुलासमोर अडखळण्यापेक्षा इथे अडखळलेली बरी.

सहावी पायरी: त्यानंतरचा एक तास

उत्तराप्रमाणे दोन रस्ते आहेत. कसं, कधी हे मुलाने ठरवलंय, साधन जवळ आहे, किंवा आजच काही करून घेतलंय: तर त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, स्वच्छतागृहापर्यंतही सोबत जायचं. कागदावरच्या दोघांपैकी एकाला निरोप दुसऱ्या मोठ्या माणसाकरवी पाठवायचा, वर्गातल्या मुलाकरवी नाही. पालकांना बोलवायचं, ते येईपर्यंत थांबायचं, त्याच दिवशी रुग्णालयात. काही खाल्लं-प्यायलं असल्याची शंका जरी असली तरी वाट न बघता १०८. "आता बरं वाटतंय" यावर विसंबायचं नाही.

विचार येतात पण काही ठरवलेलं नाही: तर पालकांशी त्याच दिवशी बोलायचं आणि दोन-तीन दिवसांच्या आत समुपदेशकाची भेट ठरवायची. वेळ ठरवून, तारीख लिहून. "एकदा दाखवून घ्या" असं मोघम सांगितलं की कुणी जात नाही.

नोंद एका पानाची: तारीख, काय दिसलं, मूल काय म्हणालं (त्याच्याच शब्दांत, तुमच्या निदानाशिवाय), कुणाला कळवलं, पुढे काय ठरलं. कपाटात, कुलपात. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळसुद्धा नाही. नाव न घेता टाकलेली "आपल्या ९ वी ब मधील एक विद्यार्थिनी" अशी ओळही नाही. गावात ती अर्ध्या तासात नावासकट फिरते.

सातवी पायरी: पालक

शिक्षकांना सगळ्यांत जास्त भीती याची असते, आणि ती खोटी नाही. "नाटकं करतोय, अभ्यास नको म्हणून" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. त्यावर वाद घालू नका. फोनवर सगळं सांगूही नका. "काळजीची गोष्ट आहे, समोरासमोर बोलू, आज या" एवढंच. आल्यावर मुलाचं कौतुक आधी करा, की त्याने विश्वासाने सांगितलं. मग तीन गोष्टी मागा: आज रात्री एकटं ठेवू नका, फवारणीची औषधं, उंदरांचं औषध, आजीच्या गोळ्या आजच्या आज कुलपात किंवा घराबाहेर ठेवा, अमुक तारखेला अमुक ठिकाणी घेऊन जा, हवं तर मी सोबत येते. मधली गोष्ट किरकोळ वाटते, पण तिचं वजन मोठं आहे. असे विचार लाटेसारखे येतात आणि ओसरतात. त्या थोड्या वेळात हाताशी काही नसणं यावर बरंच अवलंबून असतं.

पालक वाईट असतील, मारहाण घरातच होत असेल, तर त्यांना कळवण्याआधी १०९८ वर बोला आणि बाल कल्याण समितीचा मार्ग विचारा. सखी सावित्री समिती (मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची समिती) तुमच्या शाळेत कागदावरच असेल तर तिला जागं करायची हीच वेळ.

मूल काही दिवसांनी शाळेत परत येईल. वर्गाला सूचना नको, "त्याच्याशी सगळ्यांनी नीट वागा" असं भाषण नको. बुडालेला अभ्यास कमी करून द्या. एका शिक्षकाने रोज दोन मिनिटं, जाता जाता, काहीही बोलावं. क्रिकेटबद्दलही चालेल.

मुलांनाही शिकवा, नाहीतर हे अर्धंच राहतं

इथे एक कडू गोष्ट सांगावी लागेल. युरोपातल्या दहा देशांतल्या १६८ शाळांत, ११ हजारांहून जास्त मुलांवर एक मोठा अभ्यास झाला, २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. काही शाळांत शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, काहींत तज्ज्ञांनी मुलांची चाचणी घेतली, काहींत मुलांनाच मानसिक आरोग्याबद्दल शिकवलं: चर्चा, प्रसंगनाट्य, मित्राने असं काही सांगितलं तर काय करायचं. वर्षभरानंतर आत्महत्येचे नवे प्रयत्न जवळपास निम्मे झालेले दिसले ते फक्त मुलांना शिकवलेल्या शाळांत. नुसत्या शिक्षक-प्रशिक्षणाने ठळक फरक पडला नाही.

याचा अर्थ शिक्षकांचं प्रशिक्षण सोडा असा मी घेत नाही. मूल आधी मित्राला सांगतं, तो मित्र कुणाकडे जातो, आणि ज्याच्याकडे जातो त्याला पुढे काय करायचं ते माहीत असतं का, ही एकच साखळी आहे. स्टाफचं सत्र झालं की महिन्याभरात आठवी ते दहावीच्या वर्गांत तास घ्या. मुलांना एकच वाक्य पाठ व्हायला हवं: "असलं गुपित ठेवायचं नसतं." मैत्रिणीने शपथ घातली असली तरी. तिने रागावून महिनाभर अबोला धरला तरी.

घडलंच तर

हे कुठल्याच सत्रात शिकवलं जात नाही, म्हणून थोडक्यात तरी बोला. मुलाचा मृत्यू झाला तर परिपाठाला सगळ्या शाळेसमोर जाहीर करू नका. प्रत्येक वर्गशिक्षकाने आपल्या वर्गात, एकाच वेळी, एकाच मजकुराने सांगावं: मृत्यू झाला, आम्हालाही दुःख आहे, बोलावंसं वाटलं तर या खोलीत या. कसं घडलं याचे तपशील नाहीत, चिठ्ठीबद्दल काही नाही, "अमक्यामुळे झालं" नाही. मोठा फलक, फोटोला हार, दिवसभर भाषणं हेही नको. एका मृत्यूनंतर त्याच वयाच्या मुलांमध्ये दुसरा घडण्याचा धोका वाढतो, आणि मरणाला मोठेपण मिळालं तर आणखी. जिवलग मित्र, शेजारच्या बाकावरचं मूल, त्याच्याशी नुकतंच भांडलेलं मूल, आणि आधीच कागदावर नोंद असलेली मुलं, यांना त्याच दिवशी एकेकटं भेटा. पत्रकारांशी फक्त एकाच व्यक्तीने बोलायचं, कोणी ते आधी ठरलेलं असू द्या. पहिल्या पायरीतल्या कागदाच्या मागच्या बाजूला हे लिहून ठेवता येतं.

पुढचं सत्र कधी

जूनमध्ये एक, दिवाळीच्या सुट्टीनंतर एक. दुसऱ्या सत्रात परत व्याख्यान ठेवू नका. मधल्या काळात किती जणांनी कुणाला विचारलं, कुठे अडलं, रुग्णालयात पाठवलेल्यांपैकी कोण पोचलं, कोण नाही, एवढंच नावं न घेता बोला आणि सरावाच्या जोड्या परत पाडा. कागदावरचे नंबर त्याच सत्रात स्वतः लावून पाहा. जिल्हा रुग्णालयातली माणसं बदलतात, बाह्यरुग्ण विभागाचे वार बदलतात. १४४१६ प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये सेव्ह आहे का, तेही बघा; मामा-मावशींच्या मोबाइलमध्ये तुम्हीच करून द्या. आणि बदलीने नवा शिक्षक हजर झाला की वेळापत्रक हातात देतानाच हा कागदही द्या, त्यावरची दोन माणसं प्रत्यक्ष दाखवा.